‘होडी’ या शब्दाच्या खुलाशाबाबत

दि. २६ मे २०२५

प्रति,
मा. प्राचार्य तथा अध्यक्ष, चौकशी समिती,
कला व वाणिज्य महाविद्यालय, बेळगाव.

अर्जदार : सौ. प्रियदर्शनी हावळ, रा. वडगाव, बेळगाव
(बी.कॉम. सहावे सत्र, विद्यार्थी साईराज गावडे याची थोरली बहीण व स्थानिक पालक)

विषय : ‘होडी’ या शब्दाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे अडकलेले साईराजचे हॉलतिकीट मिळणेबाबत.

संदर्भ : आपली दि. २१ मे ची नोटीस व त्यातील पालकांसाठीचे प्रश्न.

महोदय,

१. आपला पहिला प्रश्न, रविवार दि. १८ रोजी विद्यार्थी घरी आल्यावर त्याने काय केले, हा आहे. रविवारी आमचे घरचे यंत्रमाग बंद असतात, त्यामुळे घरात शांतता होती. अर्जदाराची चार वर्षांची मुलगी मंजुश्री झोपली होती व अर्जदार शेंगा फोडत बसली होती. साडेसहाच्या सुमारास न्हाणीत बादलीची कडी वाजली. “कोण रं?” असे विचारता आतून साईराज म्हणाला, “मीच आक्का. धुणं करतोय.” तो कधी आला हे अर्जदारास कळले नव्हते.

२. साईराज खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून तीन वर्षांपूर्वी शिकायला अर्जदाराकडे आला. मागाच्या खोलीतच त्याचे अंथरूण. सकाळी कॉलेज, दुपारी प्रोजेक्टचे टायपिंग, संध्याकाळी मैदान. कॉलेजच्या क्रिकेट संघामागे हलगी घेऊन फिरणाऱ्या पोरांचा तो म्होरक्या आहे, हे अर्जदार नाकारत नाही. स्वतःचे मार्क त्याला आठवत नाहीत, पण संघातल्या भावकूने कुठल्या सामन्यात किती रन काढले हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. स्पर्धा सुरू झाली की कप येईपर्यंत तांबडी जर्सी धुवायची नाही, असा त्याचा नेम. “तुझ्या भावाचा वास आधी येतोय, भाऊ मागनं,” असे अर्जदाराचे मालक म्हणतात. मागील दोन्ही वर्षी कप आला, व त्याने जर्सी आणून अर्जदाराच्या हातात दिली.

३. त्याच रविवारी झालेल्या यंदाच्या फायनलला शारीरिक शिक्षण विभागाचे तम्मण्णा सर यांनी भावकूला संघाबाहेर ठेवले व आपले कॉलेज सहा रनांनी हरले. त्यानंतर पाचच्या सुमारास मैदानामागच्या रस्त्यावर सरांच्या डोक्यात कोणीतरी मारले. सर अजून बोलत नाहीत असे ऐकले. त्यांना लवकर आराम पडावा म्हणून अर्जदार रोज देवापुढे दिवा लावते. त्यात कोणताही हेतू नाही.

४. आदल्या दिवशी साईराजने पोरांच्या ग्रुपवर इंग्रजी अक्षरांत लिहिले होते : ‘रविवारी फायनल झाल्यावर होडी. सगळ्यांनी या. तम्मण्णा सरांनापण सोडायचं न्हाय.’ समितीने हा शब्द कन्नड धरला व त्याचा अर्थ ‘मार’ असा लावला. चौकाराच्या दोरीबाहेरून आपली पोरे ‘होडी, होडी’ ओरडतात ते कन्नडच, हे खरे. मंजुश्रीच्या अंगणवाडीतल्या बाईसुद्धा दिवसातून वीसदा ‘होडीबेड’, म्हणजे मारू नको, असे म्हणतात. परंतु आमच्या घरात होडी म्हणजे पाण्यात चालणारी, जिला कन्नडमध्ये दोणी म्हणतात, ती. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी तळ्यावर होडीत बसायला जायचे व सरांनाही मागे ठेवायचे नाही, एवढाच मजकूर आहे. लग्नाच्या पत्रिका वाटतानाही आमच्याकडे ‘कुणाला सोडू नको’ असेच म्हणतात. संघाची यादी शनिवारी चारला लागली व मेसेज सहाचा आहे, यावरून काही जोडू नये.

५. पुरावा म्हणून अर्जदार गुरुवारी मंजुश्रीला घेऊन तळ्यावर गेली. ‘मामा तुला पण होडीत नेणार’ असे साईराजने तिला सांगितले होते, व रविवारी ती नवा फ्रॉक घालून उंबऱ्यावर बसली होती. निघताना त्याने तिला नेले नाही. “गर्दी लई असती तिथं,” म्हणाला. तळ्यावरचे राखणदार मारुतीराव अर्जदारास म्हणाले, “पाणी कुठं हाय आक्का? होड्या पालथ्या पडून दोन म्हैनं झालं.” मुलांना हे ठाऊक नसावे. ठाऊक नसताना ती तिथे येऊन परत गेली असावीत. रविवारी कोणीच पोरे आली नाहीत, असेही मारुतीराव म्हणाले, पण ते वयस्क आहेत, बसल्या जागी डुलकी लागते.

६. नोटिशीत काहीही न लपवता लिहावे असे म्हटले आहे. रविवारी न्हाणीत साईराज जर्सी धूत होता. कप आलेला नसताना जर्सी का धुतलीस, असे अर्जदाराने विचारले. तो म्हणाला, “आता कप कशाला आक्का, कॉलेजच संपलं की.” हे कारण पटण्यासारखे आहे. बादलीतले पाणी तांबूस होते. जर्सी तांबडी असल्याने रंग गेला असणार. मागील दोन वर्षे हीच जर्सी अर्जदाराने स्वतः घासून धुतली. तेव्हा रंग गेला नव्हता. यंदा साबण वेगळा असेल.

७. त्या दिवसापासून हलगी खुंटीवर आहे. फोन वाजत राहतो, तो उचलत नाही. पुस्तकाचे एकच पान समोर घेऊन बसतो. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की उठून मागाच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. काल त्याला वाढताना अर्जदार म्हणाली, “माझ्याकडं बघून सांग, होडी म्हंजे काय?” तो म्हणाला, “तूच शिकवलंयस की.” ही गोष्ट खरी आहे. आई लोकांच्या भातात राबायला जायची, तेव्हा त्याला कडेवर घेऊन अर्जदारच शाळेत जात असे, व बालपुस्तकातल्या चित्रावर त्याचे बोट ठेवून तो शब्द तिनेच त्याला शिकवला आहे. त्याने ताट तसेच ठेवले.

८. तरी परीक्षा २ जूनपासून असल्याने साईराजला हॉलतिकीट द्यावे व समितीवर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी एक व्यक्ती घ्यावी, ही विनंती. एका शब्दापायी पोराची तीन वर्षे पाण्यात जाऊ नयेत.

आपल्या निकालाची वाट पाहणारी,

(सही)
सौ. प्रियदर्शनी हावळ

सोबत :
१. मेसेजची छापील प्रत.
२. या अर्जाची कन्नड प्रत. शेजारच्या मंगल यांनी केली आहे. त्यांनी ‘होडी’च्या जागी सगळीकडे ‘दोणी’ लिहिले आहे. मेसेजमध्ये मात्र तसे लिहायला त्यांचा हात धजेना, म्हणून तिथे जागा कोरी आहे.
३. मंजुश्रीने रविवारी काढलेले होडीचे चित्र.
४. जर्सी जोडलेली नाही.

ता. क. हा अर्ज मुलगी झोपली की थोडा थोडा करून चार दुपारी लिहिला. आत्ता सही करताना ती उठून मांडीवर आली व एवढं काय लिहितेस म्हणून विचारू लागली. मामाच्या होडीचं लिहितेय, असे अर्जदाराने सांगितले. साईराज दारात उभा होता. मुलीने आधी त्याच्याकडे पाहिले, मग अर्जदाराकडे, आणि विचारले, “आई, मामाची होडी पाण्यातली, का अंगणवाडीतली?”