गुरुवारचा तास

॥ श्री ॥
वरची वाडी, पोलादपूर
दि. १२ जानेवारी २०२५

श्री. सुनीलराव यांस,
सेजलचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं क्षेम आहे. आपल्याकडे फोन म्हणजे ग्रामसभाच. स्पीकर चालू, त्यात आईंचा गुडघा, आपल्या श्रुतिकाचा हट्ट, आणि माझ्या वाट्याला गॅस आहे का एवढाच प्रश्न. म्हणून म्हटलं, लिहावंच.

महाडच्या आमच्या कंपनीत नवीन थेर सुरू झालंय. दर गुरुवारी सुटण्याआधी तासभर पॅकिंगची लाइन बंद, पगार चालू! नवीन मॅडम आल्यात, त्या म्हणतात कामगाराच्या मनालाही विसावा हवा. मोबाईल जमा करायचा. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्यात. एकाने विचारायचं, कसे आहात. दुसऱ्याने बोलायचं, आणि ऐकणाऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. मग उलट. पहिल्या दिवशी आम्ही बायका तोंडावर रुमाल धरून हसत होतो.

माझी चिठ्ठी बॉयलरवरच्या दीपकबरोबर निघाली, वरंधचा आहे. त्याने विचारलं, मी बरी आहे म्हणाले आणि पुढे काही सुचेना. तो वाट बघत बसला. मग काय झालं कोण जाणे, बोलता बोलता मला रडूच फुटलं हो. पण घरी येताना फार हलकं वाटलं. तुम्हाला सांगावंसं वाटलं, इतकंच.

वेळेवर जेवत जा. माया आहे तशी असू द्या.

तुमची,
सेजल


मुलुंड
दि. २१ जानेवारी

सौ. सेजल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परत परत वाचलं. कोण हा दीपक? वय काय? लग्न झालंय का? अख्ख्या कंपनीत तुला बॉयलरवालाच मिळाला, एखादी बाई नाय मिळाली? इथं माझ्याबरोबरचा वॉचमन रामा म्हणतो, कंपन्यांचे असले खेळ असतात, सोडून दे. त्याचं काय जातंय! बायको त्याची नाय.

खरं लिहितो, माझा नुसता जळफळाट चाललाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यापुढं तू कधी रडली नायस. श्रुतिकाच्या वेळी दवाखान्यात पण नाय. आणि त्या परक्यापुढं रडलीस? काय सांगितलंस त्याला, ते मला कळलं पाहिजे.

आणि मजा हाय बाबा तुमची. लाइन बंद, पगार चालू! मी बारा-बारा तास टॉवरच्या गेटवर उभा. जरा खुर्चीला टेकलो की कॅमेऱ्यात बघून सेक्रेटरीचा फोन. इथं कुत्र्यांना फिरवायला माणूस ठेवलाय, नायतर त्यांचा मूड जातो म्हणे. वॉचमनला मूड नसतो.

त्या मॅडमला सांग, जोडीदार बदला. नाय बदलला तर नोकरी सोड. माझं हे शेवटचं सांगणं.

आईला नमस्कार, श्रुतिकाला पापा. नवऱ्याचा विसर पडू देऊ नकोस.

सुनील


वरची वाडी, पोलादपूर
दि. ३० जानेवारी

श्री. सुनीलराव यांस,
सा. न. वि. वि.

नोकरी मी सोडणार नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

दीपक तिशीतला आहे, लग्न झालेला, दिसायला बरा आहे. खोटं कशाला लिहू? त्याने मला काय सांगितलं ते सांगणार नाही, तसा नेमच आहे. जळा खुशाल.

मी काय सांगितलं ते मात्र माझं आहे, ते ऐका. संध्याकाळी कंपनीची गाडी फाट्यावर सोडते तेव्हा मी लगेच घरी येत नाही. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून राहते. घरात पाय टाकला की सेजल हे कुठंय, सेजल ते दे. सेजल कशी आहे, हे कुणी विचारत नाही. आणि तुम्ही गणपतीला, शिमग्याला येता, घर माणसांनी भरलेलं असतं, आपलं बोलणं होत नाही आणि तुम्ही परत जाता. मला नवरा आहे हे फोन वाजला की आठवतं. हे बोलताना रडू आलं. आता सांगा, यात त्या बिचाऱ्याने तुमचं काय नेलं?

तुम्ही विचारलं असतंत तर तुमच्यापुढेच रडले असते.

असो. आता मीच विचारते. तुम्ही कसे आहात? गॅस नको, आईंच्या गोळ्या नकोत. तुमचं लिहा.

राग असला तर तोही पाठवा, पण अबोला धरू नका.

तुमचीच,
सेजल


मुलुंड
दि. ९ फेब्रुवारी

सौ. सेजल हिस,
सुनीलचा मनापासून नमस्कार.

मी बरा हाय असं लिहिलं आणि कागद फाडला. मग लिहिलं, चाललंय. तो पण फाडला. रामा विचारतो, प्रेमपत्र लिहितोस काय रे? म्हटलं, ते सोपं असतं.

दीपकचा राग गेलेला नाय. दिसायला बरा हाय, हे लिहायची गरज होती का गो? पण खरं सांगू, मला त्याच्यापेक्षा तुझाच हेवा वाटला. तुला कुणीतरी समोर बसवून विचारलं. मुंबईत आल्यापासून मला हे कुणीच विचारलेलं नाय. आता तू विचारलंस, पण कागदावर येत नाय ते, तुझ्यासमोर बसूनच सांगावं लागेल.

म्हणून रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला, शिमगा तर लांब हाय, मग कोण मेलं? म्हटलं, कुणी नाय. कुणाचं लग्न? ते पण नाय. मग कशाला, म्हणून ओरडला. म्हटलं, बायकोनं विचारलंय मी कसा हाय, ते सांगायला जातोय. आधी हसला, मग अर्ज लिहून दे म्हणाला. बिनपगारी दिली, पण दिली.

वीस तारखेच्या गुरुवारी येतो. आईला कळवू नकोस, आधी महाडला तुझ्या कंपनीवरच येईन. मी आलोय म्हणून तुझा तास अर्धा टाकून धावत येऊ नकोस. दीपकला जे सांगायचं ते सांग, त्याचंही ऐकून घे. फक्त माया सगळी तिथं वाटून टाकू नकोस, थोडी मला राख. मी बाहेर गेटवर थांबतो. जळफळेन, पण तुझा तास संपेपर्यंत उभा राहीन.

तुझाच,
सुनील