तुमचे अकरा खोटे प्रसंग

सर,

तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. वर्तमानपत्रात फोटो आला होता, खाली ‘विद्यार्थिप्रिय शिक्षक’ असं छापलेलं. मी ते दोनदा वाचलं, पान स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरलं, त्यावर तेलाची बरणी ठेवली आणि शोकसभेला गेले नाही. तुमच्याबद्दल मी कधी चांगलं बोललेले नाही. इथेही बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच आशेनं पुढे वाचायला नको.

नववीला तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. सकाळच्या परिपाठात प्रार्थना, बातम्या आणि सुविचार झाले की तुम्ही पुढे यायचात आणि थोरांच्या आयुष्यातला एक प्रसंग वाचायचात. पुस्तक तुमचंच, लिहिलेलंही तुम्ही आणि छापून घेतलेलंही तुम्ही. दरवर्षी बक्षीस म्हणून शाळा तेच वाटायची. मलाही मिळालं होतं, निबंधाच्या दुसऱ्या बक्षिसात. त्या दिवशी छत्रीचा प्रसंग होता. एका थोर समाजसुधारकांकडे आलेला पाहुणा छत्री विसरून जातो. ती परत द्यायला ते आठ कोस चालत निघतात, वाटेत धो धो पाऊस लागतो, पण छत्री दुसऱ्याची म्हणून ती काखेत मिटलेलीच ठेवून भिजत जातात. मला गोष्ट आवडली होती, सर. म्हणूनच मी हात वर केला. “सर, वाटेत ते एकटेच होते ना? मग त्यांनी छत्री उघडली नाही, हे कुणी पाहिलं?” रांगांमधून हशा पिकला. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “वा! आमच्या शाळेत आता न्यायाधीशही शिकायला येतात. उद्या वडिलांना घेऊन या, न्यायाधीशबाई.”

बाबा स्वारगेटच्या डेपोत मेकॅनिक होते. यवतमाळकडचे, चौथी शिकलेले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते आले, नखांतलं काळं जात नव्हतं म्हणून हात मागे बांधून उभे राहिले. तुम्ही त्यांना बसा म्हणाला नाहीत. “अहो, आपण मुलीला शिकायला पाठवता की आमची परीक्षा घ्यायला?” बाबा म्हणाले, “पोरीचं चुकलं जी सर. लहान हाये अजून.” तिथे तुम्ही थांबायला हवं होतं. पण तुम्ही ते पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलंत. “मोठ्यानं वाचा. यात खोटं काय आहे, ते आपणच दाखवा आम्हाला.” आणि बाबा वाचायला लागतात. अक्षराला अक्षर जोडत, बोट ओळीखाली सरकवत वाचतात. ‘समाजसुधारक’ शब्दावर अडकतात, मागे येतात, पुन्हा अडकतात. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा आणखी दोन सर आहेत, ते आपापल्या चहाच्या कपात बघताहेत. मी दाराशी उभी आहे. तुम्ही अख्खं पान वाचून घेतलंत, सर. मध्ये एकदाही पुरे म्हणाला नाहीत. घरी जाताना बाबा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत राहिले. मग म्हणाले, “तुह्यं बरोबरही असन. पण सरायले नको इचारू.” त्यानंतर त्यांनी शाळेत पाऊल ठेवलं नाही, माझ्या दहावीच्या सत्कारालाही नाही. आता तेही गेले.

मी वारज्याच्या एका शाळेत शिकवते. नववीला आठवड्यातून एक तास माझा हट्टाचा आहे. मोबाइलवर येणाऱ्या बातम्या, फोटो, व्हिडिओ खरे की खोटे, हे कसं तपासायचं ते मी त्यात शिकवते. मुलं माझ्यापेक्षा तल्लख आहेत. “मॅडम, हा फोटो एआयचा आहे, बोटं बघा ना, सहा आहेत!” असं ओरडतात आणि मी खूश होते. जूनमध्ये पहिल्या दिवशी मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते. हे कुणी पाहिलं? ज्याला तुम्ही उद्धटपणा म्हणालात, तो मी दरवर्षी साठ मुलांकडून वहीत उतरवून घेते. आणि यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर एक मुलगी मोबाइलवरचा मजकूर कागदावर छापून घेऊन आली. “मॅडम, आजोबांच्या ग्रुपवर असे रोज येतात. टोटल फेक वाटतात. चेक करू या?” वर गुलाबाची फुलं, ‘शुभ सकाळ’, मधे थोरांचा प्रसंग, खाली तुमचा फोटो आणि नाव. तुमच्या लाडक्या माजी विद्यार्थ्यांनी तुमचं पुस्तक सकाळ-सकाळ लोकांच्या फोनवर सोडलं होतं. मला आनंद झाला, सर. लाज वाटावी असा आनंद झाला, आणि लाज वाटली नाही.

मी घरून पुस्तक आणलं. त्यातले बारा प्रसंग निवडले आणि मुलांचे गट पाडून वाटून दिले. मुलं बुधवार पेठेतल्या जुन्या वाचनालयात जाऊन बसली, निवृत्त प्राध्यापकांना फोन करून त्यांनी भंडावून सोडलं, चरित्रं काढून तारखा लावून बघितल्या. एका थोर पुरुषाला तुम्ही त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आगगाडीत बसवलंय. एकच बाणेदार उत्तर तुम्ही दोन वेगळ्या माणसांच्या तोंडी घातलंय, स्वल्पविरामासकट. मुलं हसून हसून लोळली आणि मी त्यांना गप्प केलं नाही. शनिवारी प्रदर्शन ठरवलं. एका मोठ्या तक्त्यावर सगळे प्रसंग लावायचे, खोट्याला लाल पट्टी, खऱ्याला हिरवी. प्रमुख पाहुणे म्हणून तुमच्या चिरंजीवांना बोलावलं, मुद्दाम. आधी शाल-श्रीफळ द्यायचं, दोन शब्द बोलायला लावायचं आणि मग तक्त्यापुढे नेऊन उभं करायचं. तिथे माझ्या मुलांनी एकेक प्रसंग मोठ्यानं वाचायचा आणि त्यांनी अख्खा ऐकायचा. फोनवर ते म्हणाले, “अहो, बाबांची आठवण ठेवलीत, फार बरं वाटलं.” मी म्हटलं, “रोज ठेवते.”

काल दुपारी तीच मुलगी आली. छत्रीचा प्रसंग तिच्या गटाकडे होता. “मॅडम, हा रिअल निघाला!” तिनं एका जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो दाखवला. ज्या पाहुण्याची ती छत्री होती, त्याच्या मुलीनं म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी. ती लिहिते की ते दारात चिंब भिजून उभे होते, आणि छत्रीला तिच्या आईनं बांधलेली सुतळीची गाठ होती तशीच होती. आपली गाठ आईनं लगेच ओळखली. म्हणजे पाहणारं कुणीतरी होतं, सर. माझ्या प्रश्नाला उत्तर होतं, एका वाक्याचं. ते तुम्ही त्या सकाळी दिलं असतंत तर मी जन्मभर तुमच्या पाया पडले असते. तुम्हाला ते ठाऊक होतं का नव्हतं, हे कळायला आता काही मार्ग नाही. ठाऊक असेल, तर उत्तर द्यायचं सोडून तुम्ही माझ्या बापाला वाचायला लावलंत. नसेल, तर जे तुम्हालाच माहीत नव्हतं त्यासाठी लावलंत. दोन्हीतलं कुठलंच मी माफ करत नाही.

ती मुलगी उभीच होती. “मॅडम, मग हा खरा म्हणून लावू ना? हिरवी पट्टी करू?” मी म्हटलं, “राहू दे. तक्त्यावर जागा नाही.” तिनं तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारेल. मी तयारही झाले होते, काहीतरी तिखट तोंडाशी आलंही होतं. पण ती “ओके मॅडम” म्हणाली, कागदाची घडी घालून दप्तरात ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. जूनपासून तिनं एकदाही असं सोडून दिलेलं नव्हतं.

प्रदर्शन उद्या आहे. हे पत्र मी तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसून लिहितेय. ते कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, आणि पाठवता आलं असतं तरी या शेवटच्या ओळी मी तुमच्या हाती पडू दिल्या नसत्या. शाळा सुटल्यावर मी पुन्हा जाऊन बघितलं. तक्त्यावर जागा आहे, सर. चांगली हातभर.