कस्तुराची पाठराखीण

जामखेड, ता. ३ मार्च १९७४

चि. मालोजीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाचीचं, कस्तुराचं लग्न ठरत आलंय. जयसिंग नावाचा मध्यस्थ स्थळ घेऊन आलाय. मुलगा तुमच्या पिंपरीत कंपनीत आहे, पण लग्न त्याच्या मुलखात, लांब उत्तरेला. हुंडा नको, वऱ्हाड नको. जयसिंग एकटाच तिला घेऊन जाणार. बापाविना पोरीला आणखी काय हवं? गेल्या साली शेजारच्या भिमाबाईच्या गिरजाचंही त्यानंच जमवलं. ती इतकी सुखात आहे म्हणे, की पत्र लिहायलाही सवड नाही.

होकार लवकर कळव, आणि मराठीत. तुझं संस्कृत पोस्टमनलाही झेपत नाही.

तुझी सुमनताई

चिंचवड, ता. ८ मार्च १९७४

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

होकार कोणत्याच भाषेत नाही. मुलगा पिंपरीत, पण कंपनीला नाव नाही. इथे तर टपरीवालाही कोण कुठल्या शिफ्टला ते सांगतो. शिवाय सुखातली मुलगी आईला पत्र लिहितेच. सासूची तक्रार केल्यावाचून संसाराचे सुख पुरे होत नाही, हे मी तुझ्याच पत्रांवरून शिकलो. आमच्या शाळेतल्या शिपायाची पुतणी अशाच स्थळाला गेली. ती विकली गेल्याचे फार उशिरा कळले.

जयसिंगाला एवढेच सांग, की आपल्या रीतीप्रमाणे नवरीसोबत पाठराखीण येईल. नवी नवरी सासरी रुळेपर्यंत सोबत राहणारी बाई सरळ माणसाला जड होत नाही. सुभद्राआत्याला तयार ठेव. तिचा स्वभाव ठाऊक असून मी हे लिहितो, यावरून माझी काळजी ओळख.

तुझा मालोजी

जामखेड, ता. १४ एप्रिल १९७४

चि. मालोजीस आशीर्वाद.

तुझं ऐकलं म्हणून पोरगी वाचली. मला वाटलं, पाठराखीण म्हटल्यावर जयसिंग नाराज होईल. मेला खूशच झाला. रीत त्याला ठाऊकच नव्हती. आणखी एक पोरगी आपण होऊन चालून आली असं वाटलं त्याला. मला विचारतो, “वय काय तिचं? गोरी आहे का?”

तेवढ्यात आत्या काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, सत्तरी गाठलीय, रंग तूच बघून सांग. बिंग फुटलं हे ओळखून तो चपला टाकून पळाला. आम्ही कळवलं तसा पोलिसांनी एसटी स्टँडवर धरला. चौकीत कबूल झाला, गिरजालाही त्यानं विकलंच होतं. पोलीस तिला आणायला निघाले, तेव्हा आत्या हट्टानं सोबत गेली.

काल गिरजा आली. बायका पाण्याच्या निमित्तानं तिला बघायला येतात, म्हणून भिमाबाईनं दार लावून घेतलंय. कस्तुरा तिच्यापाशी बसून असते. आता पुढं काय करावं, मला सुचत नाही.

तुझी सुमनताई

चिंचवड, ता. १८ एप्रिल १९७४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी वर्गात काही शिकवू शकलो नाही. मुलांनी मनापासून आभार मानले.

गिरजा आणि कस्तुरा, दोघींना शनिवारच्या एसटीत बसव. इथे निम्मी वस्ती बाहेरगावची. कोण कुठून आले हे विचारायला ओव्हरटाइममधून कुणाला फुरसत नाही. शिवणवर्गात दोघींची नावे घातली आहेत. तुझ्या भावजयीने आतली खोली पोरींना दिली आणि माझे व्याकरणग्रंथ पलंगाखाली सारले. ग्रंथांची तक्रार नाही. माझी होती, ती ऐकून घेतली गेली नाही.

एक काम तेवढे कर. मला भाऊ म्हणायला भिमाबाईची हरकत नाही ना, हे विचार. शेजाऱ्यांना मी दोन भाच्या येणार असे आधीच सांगून बसलो आहे.

लोभ असावा, आणि आता तो दोन्ही बहिणींचा असावा.

तुझा मालोजी