उजव्या सीटवरचा गुडघा

६ मार्च, शुक्रवार

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांच्या यादीत माझ्या डाव्या गुडघ्याची नोंद व्हावी, अशी माझी नम्र मागणी आहे.

आज दीड तास विमानात बसलो. विमान जागचं हललं नाही. चाकांना ठोकळे, शेपटीला दोर, दोर खांबाला. शेडच्या दारात उभं राहून नुसतं गुरगुरत होतं. डाव्या सीटवर सासूबाई, हातात थ्रॉटल. उजव्या सीटवर मी, मांडीवर लॅपटॉप. आणि पुढच्या पत्र्यातून निघून वर डॅशबोर्डमागे जाणारी एक काळी रबरी नळी, जिला एवढ्या मोठ्या विमानात जायला माझ्या गुडघ्यावाचून दुसरा रस्ता सापडला नाही.

म्हटलं, "आई, ही नळी जरा खाली घेता येईल का?"

"नळी इंजिनापासून डबीपर्यंत चढतीच हवी. कुठे खळगा नको. गुडघा खाली घ्या."

गुडघा खाली घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायची सोय नव्हती. तिने थ्रॉटल पुढे केला होता.

७ मार्च, शनिवार

नळीचं माहात्म्य आज कळलं. या इंजिनात पिस्टन नाहीत. तीन कोपऱ्यांची एक जाड चकती पोटात गरगर फिरते, तीच हवा ओढते, तीच जाळते, तीच बाहेर टाकते. हवा ओढणाऱ्या पाइपात दाब किती आहे, हे नळी डबीला, म्हणजे डॅशबोर्डमागच्या छोट्या संगणकाला, कळवते. डबी त्यावरून ठरवते पेट्रोल किती सोडायचं. नळी खरं बोलली तर इंजिन नीट चालतं, खोटं बोलली तर गुदमरतं. आमच्या घरात नेमकं उलटं आहे.

सासूबाईंनी तीस वर्षं तंत्रशाळेत लेथकाम शिकवलं. रविवारच्या क्लबात विमान चालवायला शिकल्या. निवृत्त झाल्या त्या दिवसापासून हे विमान बांधतायत. अकरा वर्षं. माझं लग्न टिकेल की नाही यावर पैजा लागल्या होत्या, त्याच्याही आधीपासून.

तपासनिसाने सांगाडा पास केलाय, राहिलंय फक्त इंजिन. आणि डॉक्टरने डोळे तपासून प्रमाणपत्र दिलंय ते या महिन्याच्या एकतीसपर्यंत. "यापुढे नाही हं, बाई," म्हणाला. म्हणजे उडायचं तर एकतीसच्या आत. नाहीतर मग विमान हे एक मोठं, महाग, पंख असलेलं कपाट.

१० मार्च, मंगळवार

माझं पेन गेलं.

चकती फिरताना हवा धक्क्याधक्क्याने ओढते, त्यामुळे लॅपटॉपवरचा दाबाचा आकडा नाचतो. चाळीस, साठ, सदतीस, अठ्ठावन्न. मी आकडे मोठ्याने वाचतो, ते माझं काम. आज वाचता वाचता माझीच बोबडी वळली. सासूबाई म्हणाल्या, नळीचं तोंड आत कुठेतरी बारीक करायला हवं, म्हणजे धक्के अडतील. इकडेतिकडे पाहिलं. माझ्या खिशाकडे पाहिलं. दोन मिनिटांत पेन उघडं, रिफिल बाहेर, पितळी टोक कापलेलं, त्यातली गोळी सुईने ढकललेली, आणि ते टोक नळीच्या पोटात.

आकडा एकेचाळीसवर येऊन शहाण्यासारखा बसला.

"वीस वर्षं त्या टोकातून एक धड विचार बाहेर पडला नाही," मी म्हटलं.

"अडवायला चांगलं आहे, तेच तर पाहिजे होतं," ती म्हणाली.

मग उठून फळ्याशी गेली. शेडच्या भिंतीवर शाळेतला जुना फळा आहे. काहीही घेतलं की त्यावर लिहायचं: काय, किती, कुणी. परत केलं की ती मोजणार, आणि पुसणार तीच. दर वर्षी साठ पोरांना तिने असं वळण लावलं, मग जावई कोण लागून गेला. तिने स्वतःच्या नावावर लिहिलं: "पेन, एक."

११ मार्च, बुधवार

पेपरला आठवड्याचा लेख द्यायचा होता, उसन्या पेनाने लिहिला, वाईट झाला. शेडमध्ये लवकर पोचलो. ती पेट्रोल आणायला गेली होती, तेवढ्यात डब्यातला एक केबल टाय, तारा बांधायची प्लास्टिकची पट्टी, घेऊन नळी खाली सीटच्या दांड्याला बांधून टाकली. गुडघा स्वतंत्र झाला. आकडे वाचताना आज प्रथमच आवाजात गोडवा होता.

१३ मार्च, शुक्रवार

इंजिनाला ठसका लागतोय. दहा मिनिटं झकास चालतं. मग थ्रॉटल पाऊण पुढे केला की खक्‌ — एक क्षण दम कोंडतो, मग पुन्हा धावतं. जमिनीवर तो एक क्षण म्हणजे काही नाही. झाडांच्या शेंड्यांवर तो एक क्षण म्हणजे सगळंच.

ती लॅपटॉपमधलं पेट्रोलचं कोष्टक बदलते. मी "सत्तर, बहात्तर, सत्तर" म्हणतो. खक्‌. पुन्हा बदलते.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी बसवलेला आकडा संध्याकाळी चुकतो. काल वाढवलेलं पेट्रोल आज कमी करावं लागतं. पाच दिवस झाले, कोष्टकात एक घर मूळचं राहिलेलं नाही.

शेजारच्या शेडमधला ग्लायडरवाला हात मागे बांधून येतो आणि इंजिनाकडे, सून बघायला आल्यासारखा, बघतो. "बाई, हवेत जायला हवा पुरते, हे पेट्रोल कशाला जाळता? इंजिन मला द्या. माझ्या दोर ओढायच्या विंचला बसेल."

"तुमच्या ग्लायडरला दोरीने ओढावं लागतं. आधी ते स्वतःहून उठू दे, मग बोला."

बोलली तशीच, पण तो गेल्यावर कोष्टकातला एकच आकडा तीनदा खोडला. मी पाहिलं. पाहून काय करणार? मला येतं ते फक्त आकडे वाचायला.

२० मार्च, शुक्रवार

आज इंजिन बंद केल्यावर तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "बारा लेथ एका वेळी चालायच्या, जावईबापू. कुठलीला तेल कमी पडलंय ते मी दारातून सांगायची. आता समोरचं एक इंजिन कळत नाही. डोळ्यांचं डॉक्टरने सांगितलं, कानांचं कोणी सांगितलंच नाही."

"आकडे तर बरोबर येतायत, आई."

"मग मीच चुकतेय ना."

 जगाच्या चुकांवर दर आठवड्याला आठशे शब्द लिहिणाऱ्याने लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

घरी बायको म्हणाली, "तू थांबव तिला."

"मी? आमटीत मीठ जास्त झालं हे सांगायची माझी छाती होत नाही."

"वर गेल्यावर ठसका लागला तर? सांग ना, काय होईल?"

मी पाणी प्यायलो.

२२ मार्च, रविवार

संपलं.

सकाळभर ती एकटीच शेडमध्ये होती. दुपारी मला बोलावलं. साबणाची पूड घेऊन हात धूत होती, नखांच्या कडा, मनगटं, सगळं, शाळा सुटल्यावर धुवावेत तसं.

"ग्लायडरवाल्याला सांगा, महिना संपला की इंजिन ने म्हणावं. डॅशबोर्डमागच्या तारा-नळ्या तुम्ही सवडीने मोकळ्या करून ठेवा."

"आई, अजून नऊ दिवस आहेत."

"असू देत."

चिडलेली नव्हती. तीच मोठी पंचाईत. चिडली असती तर मी काहीतरी बरळलो असतो. हात पुसले आणि माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाली, "तुमच्यावर राग नाही हो माझा."

माझ्यावर कशाला असेल? पण बरं वाटलं.

२४ मार्च, मंगळवार

घरात सुटीचं वातावरण. बायकोला दोन रात्री शांत झोप लागलीय. मी शेडमध्ये गेलो, तारा मोकळ्या करायला.

आधी टाय कापला, कारण तो हाताशी होता. मग नळी डबीपासून ओढून काढली. मांडीवर पेट्रोल सांडलं. दोनच चमचे असेल. गार लागलं, मग झोंबायला लागलं.

इंजिनातून नळीत पेट्रोल येऊन बसलं होतं. खाली बांधल्यामुळे नळीला पोट सुटलं होतं, त्या पोटात. दहा मिनिटं चाललं की वाफ आत जाऊन तिथे साचायची, आणि त्या दोन चमच्यांच्या पलीकडून डबीला दाबाची बातमी उशिरा पोचायची. थ्रॉटल पुढे गेलेला, डबी अजून मागचंच पेट्रोल सोडतेय. खक्‌. थोडं साचलं तर थोडा ठसका, जास्त साचलं तर जास्त. म्हणून रोजचा आकडा वेगळा.

चढतीच हवी. कुठे खळगा नको. मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

मी काय केलं, ते इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहायची हिंमत नाही. नळी डबीला परत लावली. डब्यातून दुसरा टाय घेतला. होती तशी बांधली. घरी आलो. पँट धुवायला टाकली.

२५ मार्च, बुधवार

कुणाला काही बोललो नाही. बायको गुणगुणत भाजी चिरत होती. हे गाणं मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नाही.

२६ मार्च, गुरुवार

लेख दिला. विषय: आपली चूक कबूल न करणारी माणसं. संपादक म्हणाले, बऱ्याच दिवसांनी आतून आलंय.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी गेलो. ती शेडबाहेर स्टुलावर बसून नट आवळायचे पाने पुसून डब्यात भरत होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. ग्लायडरवाला फीत घेऊन इंजिनाची मापं काढत होता. त्याला म्हटलं, तुमच्याकडे कुणीतरी आलंय. कोणी नव्हतं. तो गेला.

"आई, नळी मी बांधली. अकरा तारखेला. खाली, दांड्याला. तिच्यात पेट्रोल साचतंय. तुमचे कान ठीक आहेत."

ती पाना पुसायची थांबली.

"का बांधलीत?"

"गुडघ्याला टोचत होती."

"गुडघ्याला."

"हो."

"आणखी काही नाही? नक्की? नुसता गुडघा?"

"नुसता गुडघा."

मला वाटलं, आता तो पाना येतो. ती हसायला लागली. आधी नाकातून, मग सगळी. स्टूल डुगडुगलं. डोळे पुसले, ते पुसताना कपाळाला ग्रीस लागलं. मी उभाच. माफीच्या दोन चार ओळी पाठ होत्या, त्यांचं काही झालं नाही.

"उठा," ती म्हणाली, "आणा कात्री." मी उभाच होतो, तरी उठलो.

२८ मार्च, शनिवार

दहा तारखेचं जुनं कोष्टक परत घातलं. नळी चढती. चाळीस मिनिटं इंजिन चाललं, पाऊण थ्रॉटल, पूर्ण थ्रॉटल, पुन्हा पाऊण. ठसका नाही. गुडघ्याला वळ उठलाय. तपासनीस सोमवारी येतोय.

बायकोला सांगितलं. ती सिंकपाशी पाठ करून घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली.

"आधी गुडघ्यासाठी तिला रडवलंस," म्हणाली. "आता खरं बोलून मला."

३० मार्च, सोमवार

तपासनिसाने सही केली. बायको जेवली नाही. मी दोघींच्या मधे बसून दोन्हीकडे मान हलवली.

३१ मार्च, मंगळवार

पहिल्या उड्डाणाला उजवी सीट रिकामी ठेवायची असते. नळीला आज कुणाचा गुडघा आडवा नव्हता.

चढण्याआधी तिने मला पंखाच्या मागे नेलं. "तो टाय मी बावीस तारखेलाच पाहिला होता, जावईबापू."

माझा हात आपोआप गुडघ्याकडे गेला.

"वाटलं, मला थांबवायला लेकीने सांगितलं आणि तुम्ही बांधलात. म्हटलं, या दोघांच्या जिवाला माझा एवढा घोर लागला असेल, तर राहू दे. टाय आपण नको कापायला." हेडफोन कानांवर चढवले. "नुसता गुडघा निघाला. बरं झालं."

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ती हवेत उठली. झाडांच्या शेंड्यांवर आवाज एकसारखा. आता तो टेकडीपलीकडून येतोय, मधेच येत नाही, मग येतो. बायको कुंपणाशी उभी आहे, दोन्ही हात तोंडावर. मला तिथे उभं राहवलं नाही. शेडमध्ये आलो.

फळ्यावर तिची ओळ अजून आहे: "पेन, एक." तिच्याखाली खडूने लिहिलं: "केबल टाय, दोन. जावई." खिशातले नवे दोन डब्यात टाकले. ओळ तशीच ठेवली. मोजून घेणार ती, पुसणार ती. खाली आली की.