बिस्किटाच्या डब्यातला हातबॉम्ब

सोमवार, १० मार्च २०२५, वॉटफर्ड, इंग्लंड

शी! आज एका मेलेल्या म्हाताऱ्याची शेड रिकामी केली. उंदरांच्या लेंड्या, ग्लासात कवळी. जयंतकाकांना कसलीच किळस नाही — विकेल ते व्हॅनमध्ये, उरेल ते टिपवर, म्हणजे कचरा डेपोत. काम त्यांचं, राहतो त्यांच्याच गॅरेजमध्ये, बोलणार काय!

बिस्किटाच्या डब्यात लोखंडी हातबॉम्ब निघाला. महायुद्धातला. मी मागे सरलो. काका म्हणाले, "मेलाय रे तो कधीच." घरी उल्काकाकूंनी चिंच लावून घासला! देवाची भांडी घासतात तसा. वरचं पितळ चमकलं म्हणून खूश.

मंगळवार, ११

दुपारी व्हॅनमध्ये बसून फोनवर बघितलं. वाचायला वेळ लागतो, व्हिडिओ कळतो.

पहिल्या महायुद्धात आधी जॅमच्या डब्यात दारू अन् खिळे भरायचे, वात काडीने पेटवायची. पावसात काडी भिजली की बसा डबा धरून! मग हा आला. पिन काढली तरी लगेच काही होत नाही, बाजूची पट्टी मुठीत दाबलेली असते. ती सुटली की स्प्रिंग आतला दांडा ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर आपटते, वात पेटते. चार-पाच सेकंद. समोरच्याला उचलून परत फेकता येऊ नये, म्हणून एवढेच! कुणीतरी खुर्चीत बसून हे मोजलं असणार. जेवण गेलं नाही.

सरावाच्या रिकाम्या बॉम्बला भोकं पाडलेली असतात म्हणे. आपल्या बॉम्बला एकही नाही. बूड गंजून बसलंय, आतलं दिसत नाही.

संध्याकाळी पाहुणे. चिवड्याबरोबर बॉम्बही या हातातून त्या हातात. काका म्हणे, "दातांनी पिन ओढायची, की धडाम!" मी म्हटलं, पिन नाही काका, पट्टी.

"बघा, आठवी नापास शिकवतोय!"

सगळे हसले.

बुधवार, १२

काकांची नात सान्वी बॉम्ब कुशीत घेऊन आली. "दादा, हा माझी आहे! फ्रायडेला शाळेत दाखवणार. मिसला रियल गोष्ट पाहिजे."

वर्गात तीस पोरं!

काकांना म्हटलं, पोलिसांना कळवू. ते चहा पीत होते. "कळव ना. आधी तुझा व्हिसा बघतील. संपून सात महिने झाले, विसरलास?"

स्वतःची नात आहे हो! त्या चहात थुंकावंसं वाटलं.

गुरुवार, १३

पोलिसांचा ९९९ लावला. बाईने नाव विचारलं. सांगितलं.

शनिवार, १५

हीथ्रोजवळ, व्हिसा संपलेल्यांना परत पाठवेपर्यंत ठेवतात त्या बंद जागेत. वही राहू दिली.

उल्काकाकूंचा फोन आला. रडत होत्या. आर्मीवाल्यांनी एक्सरे काढला म्हणे. "रिकामा निघाला रे! उगीच तू..."

मी म्हटलं, बरं झालं.