उशिरा कळलेलं निदान

प्रिय दिगंबरराव,

माझ्या थायरॉइडसाठी धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे गेले होते. धीर करून आपल्या लग्नाच्या वर्षातलं तुमचंही विचारलं. तुमचे हात थरथरायचे, छाती धडधडायची, आणि रात्री माझ्या जवळ येताच सगळं आटोपायचं. ते म्हणाले, "तेव्हा थायरॉइड वाढलेलं असू शकेल. त्यात भीतीची भर. औषधानं फरक पडला असता."

तेव्हा मी लाजून हसायचे. कॉन्व्हेंटमध्ये अशा विषयावर आम्ही मुली हसायचोच. तुम्ही विचारायचात, "काहून हसून राहिली वं?" ती लाज होती, थट्टा नव्हे, हे मी कधी सांगितलंच नाही. वर्षभरात मला माहेरी पोचवून तुम्ही कामठीला एकटेच परतलात.

आज तुम्ही सत्तरीचे, अजून एकटे. हे कळवलं, तर उरलेले दिवस त्या न घेतलेल्या गोळ्यांचाच विचार कराल. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

एक वर्ष तुमची असलेली,
कुमुद