शुद्ध प्रोटीन

३ मार्च, सकाळी ९
आजपासून शेवटची मोहीम. विषाणूचं एक प्रोटीन आरएनएला धरून त्याची नीट घडी घालून ठेवतं. ते दिसतं कसं, एवढंच मला शोधायचंय. सहा वर्षं झाली. मॅडम म्हणाल्या, ३१ तारखेला रचना हाती नसेल तर पीएचडी विसरा. बायकोने माझ्यापायी दोनदा बदली नाकारली, आता नाकारता येणार नाही. हरकत नाही. अठ्ठावीस दिवस म्हणजे चिक्कार.

५ मार्च
प्रोटीन निघालं. नेहमीसारखं घाणेरडं. ज्या बॅक्टेरियात वाढवतो, त्यांचाच आरएनए धरून बसतं. ज्युनिअर म्हणाली, असू दे की, धरणं हेच तर त्याचं काम. तिला सांगितलं, शिस्त नावाची काही गोष्ट असते.

९ मार्च
दुप्पट मीठ घालून धुतलं. आरएनए गेला. प्रोटीनही नासलेल्या दुधासारखं तळाशी बसलं. प्रगती आहे.

१० मार्च
विश्रांती.

१६ मार्च
पुन्हा तेच. दोष पाण्याचा. किंवा फ्रीजरचा. मुळात फ्रीजर भरलाय. जुन्या घाणेरड्या प्रोटीनच्या नळ्या टाकायला सवड झाली नाही. ज्युनिअरने विचारलं, त्यातली एक घेऊ का? म्हटलं, अख्खा डबा ने, जागा होईल. मन मोठं असावं माणसाचं.

२२ मार्च
बायकोने खोकी आणली. भांडी कागदात गुंडाळतेय. म्हटलं, घाई कशाला. तिने पुढचं ताट गुंडाळायला घेतलं. मला वाईट वाटायला हवं होतं. हल्ली काहीच वाटत नाही.

२७ मार्च
जमलं. आरएनएचा मागमूस नाही. जेवून आलो तर तळाशी.

३१ मार्च
मीटिंग. पडद्यावर ज्युनिअरचं काम. गोल कडी, एकेका कड्यात प्रोटीनचे अकरा रेणू, खोबणीतून फिरलेला आरएनए. मॅडम म्हणाल्या, आरएनए काढला की हे उभंच राहत नाही. मग तिने माझ्या डब्यातून वापरलेली नळी सगळ्यांच्या हातून फिरली. वर माझं अक्षर : 'घाण'. तारीख माझ्या पहिल्या वर्षातली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. ज्युनिअर म्हणाली, आभारात तुमचं नाव घालते.

घरी बायकोने विचारलं, मिळालं का एकदाचं प्रोटीन? म्हटलं, मिळालं. कधी, ते सांगितलं नाही. खोक्यांना चिकटपट्टी लावत बसलो.